आयरिश स्वातंत्र्यलढा व स्थलांतरित धर्मगुरू

आयर्लंडमधून स्थलांतर करून अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत स्थायिक झालेल्या कॅथलिक धर्मगुरूंनी आयर्लंडच्या स्वातंत्र्यचळवळीस परदेशातून केलेले साहाय्य, हा आधुनिक आयरिश इतिहासातील एक महत्त्वाचा भाग आहे. निधिसंकलन, वृत्तपत्रीय प्रचार, संघटनाबांधणी, क्रांतिकारकांना आश्रय, पोपच्या दरबारी रदबदली आणि क्वचित प्रत्यक्ष शिष्टाई अशी या साहाय्याची विविध रूपे होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा आरंभ झाला व १९१६ ते १९२३ या काळात ते शिगेला पोहोचले. मायदेशातील चर्चचे अधिकारी ज्या वेळी सशस्त्र चळवळीचा निषेध करीत होते, त्याच वेळी त्यांच्याच विद्यालयांत शिकून बाहेर गेलेले अनेक धर्मगुरू तिची बाजू उचलून धरताना दिसतात. ही विसंगती केवळ व्यक्तींच्या स्वभावभेदाने उलगडत नाही. धर्मगुरू ज्या परिस्थितीत राहत होता, तिच्यात तिचे कारण शोधावे लागते.

पार्श्वभूमी : सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्रजी सत्तेने आयर्लंडमधील कॅथलिकांवर अनेक कायदेशीर निर्बंध लादले होते. जमीनधारणा, शिक्षण, शासकीय अधिकारपदे व संसदेतील प्रतिनिधित्व यांपासून बहुसंख्य आयरिश जनता वंचित राहिली. हे निर्बंध क्रमाक्रमाने शिथिल झाले आणि १८२९ च्या कॅथलिक मुक्ती अधिनियमाने संसदेचे दार कॅथलिकांना उघडले. छळाच्या काळात धर्मगुरू लोकांबरोबर राहिला. त्यामुळे धर्म आणि राष्ट्र या दोन निष्ठा आयरिश मनात एकमेकींत गुंफल्या गेल्या. तथापि चर्चची संस्था म्हणून भूमिका सावध होती. धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी १७९५ मध्ये स्थापन झालेल्या मेनूथ येथील सेंट पॅट्रिक्स महाविद्यालयास शासकीय अनुदान मिळत असे व ते १८६९ च्या कायद्यापर्यंत चालू राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची झालेली वाताहत बिशपांच्या स्मरणात होती. गुप्त संघटना व शपथबद्ध कट यांना त्यांचा ठाम विरोध होता.

१८४५ पासून बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे पडलेल्या भीषण दुष्काळाने आयर्लंडचे चित्र पालटले. सु. १० लाख लोक उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडले आणि त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. १८४१ मध्ये सु. ८२ लाख असलेली लोकसंख्या १९११ मध्ये सु. ४४ लाखांवर आली. परदेशी गेलेल्या या समाजात दुष्काळाची स्मृती आणि तिच्याबरोबर ब्रिटिश शासनाविषयीचा रोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला.

स्थलांतरितांचे चर्च : लोकांच्या पाठोपाठ धर्मगुरूही समुद्रापार गेले. परदेशांतील इंग्रजी भाषिक वस्त्यांसाठी धर्मगुरू तयार करण्याच्या हेतूने जॉन हँड या धर्मगुरूने १८४२ मध्ये डब्लिनच्या ड्रमकाँड्रा भागात ऑल हॅलोज महाविद्यालय स्थापन केले. कार्लो, किलकेनी, थर्ल्स व वॉटरफर्ड येथील विद्यालयांतूनही दरवर्षी तरुण धर्मगुरू बाहेर पडत. त्यांपैकी पुष्कळांना आपण मायदेशी कायमचे परतणार नाही, याची कल्पना असे. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, मेलबर्न, सिडनी इ. शहरांतील कॅथलिक चर्चवर आयरिश ठसा उमटला तो या परंपरेमुळे.

नव्या देशात गरीब व अल्पशिक्षित आयरिश मजुराला आधार देणारी संस्था मुख्यतः चर्चच होती. शाळा, रुग्णालय, अनाथगृह, परस्परसाहाय्यक मंडळ व साप्ताहिक वृत्तपत्र ही सर्व धर्मग्रामाच्या, म्हणजे एकेका चर्चच्या कक्षेतील वस्तीच्या, आश्रयाने चालत. त्यामुळे एखाद्या राजकीय कार्याला धर्मगुरूची संमती मिळाली, की सभागृह, श्रोते, वर्गणी गोळा करणारे स्वयंसेवक व मुद्रणाची सोय ही सर्व साधने आपोआप उपलब्ध होत. १७ मार्चचा संत पॅट्रिकचा सण हा मूळचा धार्मिक उत्सव राष्ट्रीय प्रदर्शनाचा दिवस बनला, तोही याच मार्गाने.

स्थलांतरित धर्मगुरू आणखी एका दृष्टीने मोकळा होता. मायदेशातील बिशपाची त्याच्यावर सत्ता नव्हती. अमेरिकेत ब्रिटिश कायदा त्याला लागू नव्हता. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे साम्राज्याचे घटक असले, तरी तेथे निवडून आलेली स्वायत्त शासने होती आणि कॅथलिक मतदारांची संख्या उपेक्षणीय नव्हती. आयर्लंडमधील धर्मगुरूच्या शब्दाने उद्या त्याच्या गावातील घरे जळण्याचा संभव असे. परदेशातील धर्मगुरूला त्या भीतीचा प्रत्यक्ष अनुभव नव्हता. या अंतरातून त्याला वाणीचे स्वातंत्र्य लाभले व त्याच्या भूमिकेची मर्यादाही याच अंतरातून निर्माण झाली.

एकोणिसाव्या शतकातील प्रयत्न : टायरोन परगण्यात जन्मलेला न्यूयॉर्कचा बिशप व पुढे आर्चबिशप जॉन ह्यूझ (१७९७–१८६४) हे या परंपरेचे आरंभीचे ठळक उदाहरण होय. १८४८ मध्ये ‘यंग आयर्लंड’ गटाच्या उठावाची वार्ता येत असता न्यूयॉर्कमधील जाहीर सभेत त्याने ५०० डॉलरची देणगी दिली. धर्माधिकाऱ्याने तलवारीसाठी पैसा देणे योग्य नसल्याने ही रक्कम ढालीसाठी आहे, अशा आशयाचे स्पष्टीकरणही त्याने केले. उठाव अल्पावधीत फसल्यावर त्याने त्याच्या पुढाऱ्यांवर कडक टीका केली.

१८६१ मधील एका अंत्ययात्रेने मायदेश व परदेश यांतील तफावत स्पष्ट झाली. १८४८ च्या उठावातील टेरेन्स बेल्यू मॅकमॅनस याला टास्मानियात हद्दपार करण्यात आले होते. तेथून निसटून तो सॅन फ्रान्सिस्कोस आला व तेथेच मरण पावला. त्याचे शव आयर्लंडला नेण्याचे फेनियन संघटनेने ठरविले. वाटेत न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये ह्यूझच्या संमतीने विधिपूर्वक प्रार्थना झाली व अन्यायी सत्तेचा प्रतिकार कोणत्या अटींवर न्याय्य ठरतो, याविषयी त्याने प्रवचन केले. डब्लिनमध्ये मात्र आर्चबिशप पॉल कलन याने ते शव आपल्या प्रमुख चर्चमध्ये ठेवण्यास परवानगी नाकारली. अखेर ते मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये ठेवावे लागले. पुढे १८७० मध्ये पोपच्या दरबाराने फेनियन संघटनेचा नामनिर्देशपूर्वक निषेध केला. त्यामुळे परदेशातील धर्मगुरूंनाही उघड पाठिंबा देणे अवघड झाले व त्यांचा कल सनदशीर चळवळीकडे वळला. ऑस्ट्रेलियात कलनचा भाचा व सिडनीचा आर्चबिशप (पुढे कार्डिनल) पॅट्रिक फ्रान्सिस मोरान (१८३०–१९११) याने होमरूलचा, म्हणजे साम्राज्यांतर्गत स्वराज्याचा, पुरस्कार केला. साम्राज्यनिष्ठा आणि आयरिश स्वराज्य यांत त्याला विरोध वाटत नव्हता.

ईस्टर उठाव व अमेरिका : २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये झालेला उठाव सहा दिवसांत चिरडला गेला. त्याच्या नेत्यांना लष्करी न्यायालयांनी देहान्ताची शिक्षा दिल्यावर लोकमत झपाट्याने पालटले. अमेरिकेत उठावाच्या किंचित आधी, मार्च १९१६ मध्ये, ‘फ्रेंड्स ऑफ आयरिश फ्रीडम’ ही संघटना न्यूयॉर्क येथे स्थापन झाली होती. तिच्या कार्यात धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. मे १९१८ मध्ये तिचे अध्यक्षपद पीटर मॅगेनिस (१८६८–१९३७) या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूकडे आले. त्याचा जन्म आर्मा परगण्यातील. काही काळ ऑस्ट्रेलियात काम करून तो न्यूयॉर्कला आला होता. तेथील पूर्व अठ्ठाविसाव्या रस्त्यावरील कार्मेलाइट मठ उठावानंतर पळून आलेल्या क्रांतिकारकांचे आश्रयस्थान बनला. अमेरिका त्या वेळी महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने उतरलेली असल्याने असे पद स्वीकारणे धोक्याचे होते. १९१९ मध्ये मॅगेनिसची कार्मेलाइट संघाचा सर्वोच्च प्रमुख म्हणून निवड झाली व तो रोमला गेला.

पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे येथे जन्मलेला पीटर यॉर्क (१८६४–१९२५) हा धर्मगुरू प्रभावी ठरला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या मॉनिटर  या पत्राचे संपादन त्याने केले होते. १९०१ च्या बंदर-कामगारांच्या संपात त्याने कामगारांची बाजू घेतली आणि पुढील वर्षी लीडर  हे स्वतःचे साप्ताहिक काढले. कामगारांचे हक्क व आयर्लंडचे स्वातंत्र्य हे त्याच्या लेखनाचे दोन प्रमुख विषय होत. कॅलिफोर्नियातील आयरिश चळवळीचे नेतृत्व मुख्यतः त्याच्याकडे होते.

फेब्रुवारी १९१९ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या परिषदेत आयर्लंडच्या स्वयंनिर्णयाचा ठराव बॉल्टिमोरचा वयोवृद्ध कार्डिनल जेम्स गिबन्स याने मांडला. तो जन्माने अमेरिकन असला, तरी त्याचे बालपण आयर्लंडमध्ये गेले होते. जून १९१९ मध्ये आयरिश प्रजासत्ताकाचा अध्यक्ष एमन डे व्हालेरा अमेरिकेत आला व डिसेंबर १९२० पर्यंत राहिला. त्याने विक्रीस काढलेल्या कर्जरोख्यांतून ५० लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. ही रक्कम मुख्यतः सामान्य मजूर, मोलकरणी व छोटे दुकानदार यांच्या बचतीतून आली आणि तिच्या संकलनास धर्मग्रामांच्या जाळ्याचा मोठा उपयोग झाला. मात्र या निधीचा विनियोग व चळवळीचे नेतृत्व यांवरून डे व्हालेरा आणि अमेरिकेतील जुने नेते यांत तीव्र वाद माजला व धर्मगुरूंतही दोन तट पडले. नोव्हेंबर १९२० मध्ये डे व्हालेराच्या अनुयायांनी वेगळी संघटना काढली. त्यामुळे सामर्थ्याचा बराचसा अपव्यय झाला.

ऑस्ट्रेलिया : डॅनियल मॅनिक्स (१८६४–१९६३) हा या विषयातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष होय. कॉर्क परगण्यातील चार्ल्व्हिल येथे त्याचा जन्म झाला. मेनूथ महाविद्यालयाचा तो १९०३ पासून अध्यक्ष होता. त्या काळातील त्याची प्रतिमा एका कडक, शिस्तप्रिय व सत्तेशी जुळवून घेणाऱ्या प्रशासकाची आहे. राष्ट्रीय विद्यापीठात आयरिश भाषा सक्तीची करण्याच्या वादात त्याने बिशपांची बाजू घेतली व सक्तीचा आग्रही पुरस्कर्ता प्राध्यापक मायकेल ओहिकी याला १९०९ मध्ये पद गमवावे लागले. १९११ मध्ये राजा पाचवा जॉर्ज मेनूथला आला, तेव्हा त्याचे स्वागत मॅनिक्सनेच केले. तोच मॅनिक्स १९१३ मध्ये मेलबर्नला सहायक आर्चबिशप म्हणून गेला आणि काही वर्षांतच ब्रिटिश साम्राज्याचा सर्वांत निर्भीड टीकाकार म्हणून ओळखला जाऊ लागला.

ईस्टर उठावाविषयी त्याने प्रथम खेद व्यक्त केला, तथापि त्याची जबाबदारी ब्रिटिश शासनावर टाकली. त्याच वर्षी पंतप्रधान विल्यम मॉरिस ह्यूझ याने परदेशी लढण्यासाठी सक्तीची लष्करभरती करण्याच्या प्रश्नावर सार्वमत घेतले. २८ ऑक्टोबर १९१६ च्या सार्वमतात हा प्रस्ताव सु. ७२ हजार मतांनी व २० डिसेंबर १९१७ च्या दुसऱ्या सार्वमतात सु. १ लाख ६६ हजार मतांनी फेटाळला गेला. मे १९१७ मध्ये मेलबर्नचा आर्चबिशप झालेला मॅनिक्स सक्तीविरोधी प्रचाराच्या अग्रभागी होता. कामगार संघटना, शेतकरी व अनेक प्रॉटेस्टंट नागरिक यांनीही सक्तीविरुद्ध मत दिले. त्यामुळे या निकालाचे श्रेय एकट्या मॅनिक्सला देता येत नाही. तथापि छोट्या राष्ट्रांच्या मुक्तीसाठी लढत असल्याचे सांगणाऱ्या साम्राज्याने आयर्लंडला काय दिले, हा त्याचा प्रश्न श्रमिक कॅथलिकांच्या मनात रुजला. उलटपक्षी त्याच्या भाषणांनी प्रॉटेस्टंट व कॅथलिक यांतील वितुष्ट वाढले. ज्या कॅथलिक कुटुंबांतील मुलगे आघाडीवर लढत होते, त्यांनाही देशद्रोहाचा आरोप ऐकावा लागला. या आरोपाला उत्तर म्हणून १९२० च्या संत पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीत व्हिक्टोरिया क्रॉसचे १४ मानकरी पांढऱ्या घोड्यांवर स्वार होऊन मॅनिक्सबरोबर निघाले.

नोव्हेंबर १९१९ मध्ये मेलबर्न येथे भरलेल्या आयरिश परिषदेने आयर्लंडच्या स्वयंनिर्णयास पाठिंबा दिला. पुढील वर्षी मॅनिक्स अमेरिकामार्गे आयर्लंडला जाण्यास निघाला. अमेरिकेत डे व्हालेराबरोबर त्याच्या प्रचंड सभा झाल्या. त्याला आयर्लंडमध्ये पाऊल ठेवू द्यायचे नाही, असे ब्रिटिश मंत्रिमंडळाने ठरविले. ऑगस्ट १९२० मध्ये ‘बॉल्टिक’ हे जहाज आयरिश किनाऱ्याजवळ आले असता ब्रिटिश आरमाराने ते अडविले व मॅनिक्सला विनाशिकेवरून इंग्लंडमधील पेन्झॅन्स बंदरात उतरविले. आयर्लंडप्रमाणेच लिव्हरपूल, मँचेस्टर व ग्लासगो या आयरिश वस्तीच्या शहरांतही त्याला प्रवेशबंदी करण्यात आली. वृद्ध मातेच्या भेटीसाठी निघालेल्या आर्चबिशपाला युद्धनौका पाठवून अटक केल्याने शासनाची जगभर नाचक्की झाली. इंग्लंडमध्ये असताना त्याने ब्रिक्स्टनच्या तुरुंगात उपोषण करीत असलेला कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅक्‌स्विनी याची भेट घेतली. मॅक्‌स्विनी ७४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ ऑक्टोबर १९२० रोजी मरण पावला. लंडनमधील सदर्क कॅथीड्रलमध्ये झालेल्या अंत्यविधीस मॅनिक्स उपस्थित होता.

न्यूझीलंडमध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेला धर्मगुरू जेम्स केली याने टॅब्लेट  या कॅथलिक साप्ताहिकातून प्रखर प्रजासत्ताकवादी भूमिका मांडली. आयरिश स्थलांतरितांचा पुत्र असलेला ऑक्लंडचा सहायक बिशप जेम्स लिस्टन याच्यावर १७ मार्च १९२२ रोजी केलेल्या भाषणाबद्दल राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. सर्वस्वी प्रॉटेस्टंट असलेल्या ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले.

नैतिक प्रश्न : धर्मगुरूंपुढील खरा पेच धर्मशास्त्रीय होता. कॅथलिक शिकवणुकीनुसार बंड न्याय्य ठरण्यास सत्ता जुलमी असणे, अन्य सर्व मार्ग संपलेले असणे, यशाची वाजवी आशा असणे व लढा अधिकृत सत्तेने पुकारलेला असणे आवश्यक मानले जाई. १९१६ च्या उठावाला या कसोट्या लावणे कठीण होते. तथापि डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत सिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या आणि २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये स्वतंत्र प्रतिनिधिगृह, ‘डॉल एरन’, भरविले. यानंतर लोकनियुक्त सत्ता आयर्लंडमध्येच आहे व तिचे सैनिक बंडखोर नाहीत, असा युक्तिवाद परदेशातील धर्मगुरूंना करता आला. मायदेशातील बिशपांनी १९१८ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीस एकमुखाने विरोध केला होता व ब्रिटिश दडपशाहीचाही निषेध केला होता. परंतु छुपे हल्ले व हत्या यांना मान्यता देण्यास त्यांतील बहुतेक तयार नव्हते. डिसेंबर १९२० मध्ये ब्रिटिश दलांनी कॉर्क शहराचा मध्यभाग जाळल्यानंतर तेथील बिशप डॅनियल कोहॅलन याने, दबा धरून हल्ले करणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याचा आदेश काढला. प्रत्येक हल्ल्यानंतर सूड आपल्याच लोकांवर उगविला जातो, हे तो पाहत होता. मेलबर्न व न्यूयॉर्क येथून हे तितके जवळून दिसत नव्हते.

रोम : व्हॅटिकनमध्ये ब्रिटनचा १९१४ पासून प्रतिनिधी होता व पोपने सिन फेनचा निषेध करावा, असा ब्रिटिशांचा प्रयत्न चालू होता. त्यास तोंड देण्याचे काम रोममध्ये वास्तव्य करणाऱ्या आयरिश धर्मगुरूंनी केले. १६२८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील आयरिश कॉलेजचा उपप्रमुख व १९१९ पासून प्रमुख असलेला जॉन हेगन (१८७३–१९३०) हा त्यांचा सूत्रधार होता. कॅथलिक बुलेटिन  या डब्लिनच्या मासिकात तो टोपणनावाने राजकीय लेखन करी. मे १९२० मध्ये, सतराव्या शतकात इंग्रजांनी देहदंड दिलेला आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट याला धन्य घोषित करण्याचा सोहळा रोममध्ये झाला, तेव्हा जगभरातील आयरिश बिशप तेथे एकत्र आले. त्याचा राजकीय लाभही हेगनने उठविला. १९२१ च्या वसंत ऋतूत मॅनिक्स रोमला येऊन पोप पंधरावा बेनिडिक्ट यास भेटला. एप्रिल १९२१ मध्ये पोपने आर्माच्या कार्डिनल लोगला लिहिलेल्या पत्रात दोन्ही बाजूंना हिंसा थांबविण्याचे आवाहन केले व आयर्लंडच्या साहाय्यार्थ दोन लाख लिरा दिले. त्यात एकट्या सिन फेनचा निषेध नव्हता. शासन व बंडखोर यांना एकाच पातळीवर ठेवल्याबद्दल ब्रिटिशांनी नाराजी व्यक्त केली. निषेध टळणे, हाच परदेशस्थ धर्मगुरूंचा मोठा विजय होता.

क्लूनची शिष्टाई : पर्थचा पहिला आर्चबिशप पॅट्रिक जोसेफ क्लून (१८६४–१९३५) हा मॅनिक्सहून वेगळ्या प्रवृत्तीचा होता. क्लेअर परगण्यातील रुअन येथे जन्मलेल्या व ऑल हॅलोजमध्ये शिकलेल्या क्लूनने महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्यातील कॅथलिकांच्या धार्मिक सेवेचे काम केले होते व सक्तीच्या भरतीस अनुकूलता दर्शविली होती. २१ नोव्हेंबर १९२० रोजी त्याचा पुतण्या कॉनर क्लून हा डब्लिनच्या किल्ल्यात अटकेत असताना अन्य दोघांसह मारला गेला. असे असताही डिसेंबरच्या आरंभी ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज याच्या विनंतीवरून क्लूनने मध्यस्थी पत्करली. डब्लिनला जाऊन त्याने भूमिगत मायकेल कॉलिन्स व तुरुंगातील आर्थर ग्रिफिथ यांच्याशी गुप्तपणे बोलणी केली व तात्पुरत्या शस्त्रसंधीचा मसुदा जवळजवळ निश्चित केला. याच सुमारास गॉलवे परगणा मंडळाच्या काही सदस्यांनी आणि सिन फेनचा कार्यवाह उपाध्यक्ष, धर्मगुरू मायकेल ओफ्लॅनगन याने शांततेची जाहीर मागणी केली. बंडखोर खचले आहेत, असा अर्थ लंडनने त्यावरून काढला व शस्त्रे आधी खाली ठेवण्याची अट घातली. बोलणी फिसकटली. दक्षिणेतील काही परगण्यांत लष्करी कायदा पुकारण्यात आला. शस्त्रसंधी ११ जुलै १९२१ रोजी झाली. मधल्या सात महिन्यांत शेकडो माणसे प्राणास मुकली.

तह व यादवी युद्ध : ६ डिसेंबर १९२१ च्या तहाने आयर्लंडच्या २६ परगण्यांना साम्राज्यांतर्गत स्वायत्त राज्याचा दर्जा मिळाला. जानेवारी १९२२ मध्ये डॉलने तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. जून १९२२ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ते मे १९२३ पर्यंत चालले. ऑक्टोबर १९२२ मध्ये आयरिश बिशपांनी सामुदायिक पत्रक काढून तहविरोधी सैनिकांना धार्मिक संस्कारांपासून वंचित केले. लोकनियुक्त सत्तेचा जो युक्तिवाद आधी ब्रिटनविरुद्ध वापरला गेला, तोच आता प्रजासत्ताकवाद्यांविरुद्ध लागू झाला. परदेशातील धर्मगुरूंपैकी बहुतेकांनी तह स्वीकारला. मॅनिक्स, हेगन व मॅगेनिस यांची सहानुभूती मात्र डे व्हालेराच्या पक्षाकडे राहिली. १९२३ मध्ये ओफ्लॅनगन व जे. जे. ओकेली हे प्रजासत्ताकवादी प्रतिनिधी ऑस्ट्रेलियात आले, तेव्हा मॅनिक्सने त्यांना आधार दिला, तर सिडनीचा आर्चबिशप मायकेल केली याने त्यांना दूर ठेवले. अखेर ऑस्ट्रेलियन शासनाने त्यांना हद्दपार केले.

स्थलांतराचा प्रवाह या वेळी उलट्या कारणानेही वाहिला. १९१६ च्या नेत्यांना अखेरच्या क्षणी धीर देणारा कॅपुचिन धर्मगुरू आल्बर्ट बिबी आणि उपोषणकाळात मॅक्‌स्विनीच्या सोबत राहिलेला डॉमिनिक ओकॉनर या दोघांना प्रजासत्ताकवादी निष्ठेमुळे त्यांच्या वरिष्ठांनी अमेरिकेत पाठविले. बिबी १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात व ओकॉनर १९३५ मध्ये ऑरेगनमध्ये मरण पावला. १९५८ मध्ये दोघांचे अवशेष आयर्लंडला नेऊन कॉर्कजवळील रॉचेस्टाउन येथे पुरण्यात आले.

१९२५ मध्ये डे व्हालेराने रोममध्ये गुप्तपणे मॅनिक्सची भेट घेतली. संसदेवरील बहिष्कार सोडून निवडणुकीच्या मार्गाने सत्तेकडे जावे, या मताकडे हेगनही झुकला होता. डे व्हालेराने १९२६ मध्ये ‘फियाना फॉइल’ हा पक्ष स्थापन केला व १९२७ मध्ये तो अनुयायांसह डॉलमध्ये प्रविष्ट झाला. त्यामागे इतर कारणेही होती. तथापि धार्मिक वजन असलेल्या मित्रांच्या सल्ल्याने त्याला हा मार्ग पत्करणे सोपे गेले.

भारताशी संबंध : आयरिश चळवळीचा अभ्यास भारतीय नेते आस्थेने करीत. लोकमान्य टिळकांनी बेळगाव येथे २८ एप्रिल १९१६ रोजी स्थापन केलेल्या संघटनेस ‘होमरूल लीग’ हे आयरिश राजकारणातील नाव दिले, त्या वेळी डब्लिनमध्ये ईस्टर उठाव चालू होता. २८ फेब्रुवारी १९२० रोजी न्यूयॉर्क येथे ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ या संघटनेच्या सभेत डे व्हालेराने भारत व आयर्लंड यांच्या समान ध्येयाविषयी भाषण केले. १९२९ मध्ये जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात उपोषण करून मृत्यू पावले, तेव्हा मॅक्‌स्विनीच्या कुटुंबाने तारेने सहवेदना कळविली. मॅनिक्सादी धर्मगुरूंचा या संबंधांत प्रत्यक्ष वाटा नव्हता. मात्र परदेशस्थ समाजाच्या बळावर साम्राज्याला जाब विचारण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, तिचे महत्त्व अमेरिकेतील भारतीय कार्यकर्त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

मूल्यमापन : स्थलांतरित धर्मगुरूंनी आयर्लंडचे स्वातंत्र्य मिळवून दिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो लढा आयर्लंडच्या भूमीवर लढला गेला व त्याची किंमतही तेथील लोकांनीच मोजली. तथापि तीन बाबतींत त्यांचे कार्य निर्णायक ठरले. विखुरलेल्या, गरीब स्थलांतरितांचे त्यांनी एका संघटित लोकमतात रूपांतर केले. बंडखोरी म्हणजे धर्मद्रोह, या आरोपाला त्यांनी अधिकारवाणीने उत्तर दिले. पोपचा निषेध टाळून त्यांनी चळवळीची नैतिक प्रतिष्ठा राखली. याउलट, नव्या देशांतील धार्मिक तेढ वाढण्यास त्यांची भाषणे कारणीभूत झाली आणि तडजोडीची वेळ आली, तेव्हा त्यांच्यातील काहींना ती मायदेशातील थकलेल्या जनतेइतकी निकडीची वाटली नाही. मेनूथमध्ये राजाचे स्वागत करणारा व मेलबर्नमध्ये त्याच राजाच्या शासनाला आव्हान देणारा मॅनिक्स हा एकच पुरुष होता. मधल्या काळात बदलली ती त्याची जागा. मॅनिक्स १९२५ मध्ये आयर्लंडला आला, तेव्हा नव्या राज्याने व तेथील बहुतेक बिशपांनी त्याचे थंडपणे स्वागत केले. पुढे जवळजवळ चार दशके तो मेलबर्नलाच राहिला आणि ६ नोव्हेंबर १९६३ रोजी, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी, तेथेच मरण पावला.